चौदा मार्च कुणाचा

३ मार्च, मंगळवार

साठ म्हणे. मला साठ पूर्ण होतात म्हणे, आणि हे मला सांगतोय कोण, तर ऑफिसातला चष्मेवाला. हा जन्मला तेव्हा मी याच हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात चादरींच्या घड्या घालत होते. त्याला पहिल्यांदा गुंडाळलं ते फडकंसुद्धा माझ्या हातचं असेल. लिफाफा पुढे सरकवून म्हणतो, "सही करा मावशी. चौदाला वय भरतं, एकतीसला तुम्ही मोकळ्या."

मी म्हटलं, मोकळं व्हायला मी काय कोंडलेली आहे? आणि माझं वय मला विचारल्याशिवाय भरतं कसं? सत्तावन्न चालू आहेत, फार तर अठ्ठावन्न. माझी सख्खी ताई आहे, तिला आत्ता कुठे साठ होत असतील, आणि मी तिच्या पाठची.

तो म्हणाला, "सेवापुस्तकात चौदा मार्च आहे. साल पण आहे. मी नाही लिहिलं."

"मग कुणी लिहिलं?"

"तेव्हा जे होते त्यांनी."

तेव्हा जे होते ते सगळे मेले. भांडायचं कुणाशी?

सही केली नाही. तडक फाटकाबाहेर बसणाऱ्या अर्जवाल्याकडे गेले. तो म्हणाला, बाई, आजपासून प्रत्येक फेरी लिहून ठेवा. तारीख, वेळ, कोण काय बोललं. साहेब लोक बोललेलं विसरतात, लिहिलेल्याला घाबरतात. म्हणून ही वही. औषधाच्या कंपनीने डॉक्टरांना दिलेली, डॉक्टरांनी टाकलेली, चार वर्षांपूर्वीची डायरी आहे. तारखा बरोबर, वार सगळे चुकलेले. माझ्या कामाला अशीच हवी. वार खोडून खरा लिहीत जाईन.

तिसरीपर्यंत शिकले आहे. एवढं लिहायला हात दुखला. चादरी बऱ्या.

४ मार्च, बुधवार

यांना सांगितलं तर हे म्हणाले, "बरं झालं." गोदामावरची रखवाली सुटून यांना दोन वर्षं झाली. तेव्हापासून गॅलरीत खुर्ची टाकून रस्त्यावर पहारा देतात. कोण गेलं, कोण आलं, कुणाचा गॅस संपला, सगळं तोंडपाठ.

आज संध्याकाळी येऊन बघते तर गॅलरीत दुसरी खुर्ची. म्हटलं, ही कुणाची? म्हणाले, "तुझी. एकतीसनंतर लागेल ना."

म्हटलं, उचला ती. मी मेले की बसवा फोटो तिच्यावर. खुर्ची काही उचलली नाही. उलट तिच्यावर उशी ठेवली.

यांच्या निळ्या शर्टाला हिरव्या दोऱ्याने बटण शिवलेलं दिसलं. मी काही यांची बटणं शिवत नाही, मला वेळ कुठे? स्वतःच शिवत असतील. शिवा, पण रंग तरी बघाल की नाही. घरात दोन माणसं आणि त्यातलं एक आंधळं.

७ मार्च, शनिवार. साडेअकरा.

चष्मेवाल्याकडे दुसरी फेरी. कार्ड दाखवलं. माझ्या ओळखपत्रावर एक जानेवारी आहे आणि सालाप्रमाणे सत्तावन्न. बघ म्हटलं, हे सरकारने दिलंय, माझ्या बापाने नाही.

त्याने एका बोटाने कार्ड परत सरकवलं. "मावशी, एक जानेवारी म्हणजे ज्यांना तारीख माहीत नाही ते. माझ्या टेबलावरून रोज चार एक जानेवारी जातात. हा पुरावा नाही."

"मावशी म्हणू नकोस. तुझ्या आईची बहीण असते तर तुला आतापर्यंत चांगलं वळण लागलं असतं."

तो हसला. मला हसणारी माणसं आवडत नाहीत, भांडण पुढे जात नाही. म्हणाला, "जन्माचा दाखला आणा."

"नाही."

"शाळेचा?"

"काढलाच नव्हता. मुलीचा दाखला कोण काढतंय, आणि तिसरीतल्या?"

"मग वयाने मोठ्या रक्ताच्या नातेवाइकाचं प्रतिज्ञापत्र. तुमच्या जन्माच्या वेळी हजर असलेलं कुणीतरी."

आई-बाबा गेले. आत्या गेली. उरली कोण तर ताई.

ताईशी मी अकरा वर्षं बोललेली नाही. ही वही दुसऱ्या कुणी वाचायची नाही म्हणून लिहिते. ओळखपत्रं काढायची निघाली तेव्हा तिला तिचा शाळेचा दाखला हवा होता. ती चौथीपर्यंत होती, तिचा दाखला बाबांनी काढून पत्र्याच्या पेटीत ठेवला होता. पेटीत तो सापडला नाही. तर सगळ्यांसमोर मला म्हणाली, "तू नेलास." मी काय करणार तिचा दाखला नेऊन? चूल पेटवणार? मी म्हटलं, नेला असेन तर माझे हात झडोत. हात अजून जागेवर आहेत. मग ती गेली तशीच कार्ड काढायला, दाखल्याशिवाय, वर केस काळे करून. तिथल्या माणसाने तोंड बघून साल लिहिलं. भोगा म्हटलं.

तिच्या दारात मी जाणार नाही.

१० मार्च, मंगळवार. सव्वादहा.

ताईच्या कार्डाची नक्कल यांच्याकडे निघाली. कुठून आली विचारलं तर म्हणाले, "असेल पडलेली कधीची." नक्कल कोरी करकरीत.

चष्मेवाल्याला दाखवली. म्हटलं, ही माझी मोठी बहीण. हिला बोलावलं तर चालेल ना?

त्याने दोन्ही कार्डं शेजारी ठेवली. चष्मा काढला, पुसला, परत घातला. "ही एक जूनची."

"असेल."

"त्याच सालातली. तुम्ही एक जानेवारी, त्या एक जून. म्हणजे कागदावर त्या तुमच्यापेक्षा पाच महिन्यांनी लहान."

"लहान कशी? तिने मला कडेवर घेतलंय."

"धाकट्या बहिणीने मोठीच्या जन्माची साक्ष कशी द्यायची? आणि पाच महिने, मावशी..." इथे त्याने आवाज खाली घेतला. "आई एकच ना?"

मी काय बोलले ते इथे लिहीत नाही, अर्जवाल्याला वाचून दाखवायचं आहे. पाणी भरायला आलेली बाई घागर ठेवून उभी राहिली होती एवढंच लिहिते.

चष्मेवाला म्हणाला, "चिडू नका. सेवापुस्तकात तारीख लिहिली ती काहीतरी बघूनच लिहिली असणार. मूळ फाईल रेकॉर्डात आहे. मी मागवतो. चूक आमची निघाली तर आम्ही दुरुस्त करू."

निघणारच तुमची. लिहून ठेवते.

११ मार्च, बुधवार

घडीच्या टेबलावरची लांबी आज विचारते, "बाई, तुमचं स्टूल कुणाला?" तिला सगळे लांबी म्हणतात कारण ती चादरी इस्त्री करणाऱ्या रोलरच्या वरचा दांडा हाताने गाठते. मी म्हटलं, माझं ढुंगण अजून त्याच्यावर आहे, दिसत नाही का?

ती म्हणाली, "तसं नाही हो, म्हणजे तुम्ही गेल्यावर डाग कोण ओळखणार?" हे मात्र खरं. गाठोडं उघडलं की मी सांगते, हे बाळंतिणींचं, हे हाडांच्या वॉर्डातलं, हे जळलेल्यांचं, हे आधी गार पाण्यात. गरमात घातलं की रक्त बसलं ते बसलं. हिला चार वर्षं शिकवते आहे, अजून आयोडीन आणि चहा यातला फरक कळत नाही.

बेचाळीस वर्षं झाली. मी घरी बसून काय ओळखू? रस्त्यावरची माणसं?

आले होते त्या दिवसाची आठवण आली. जुन्या मुकादमबाईंनी खालून वरपर्यंत बघून विचारलं, अठरा पूर्ण का? अठराच्या खाली घेत नाहीत. म्हटलं, पूर्ण. त्या म्हणाल्या, उद्या येताना कागद आण. म्हणायला काय जातं, सगळ्याच म्हणायच्या.

१४ मार्च, शनिवार

आज कागदावरचा वाढदिवस. जेवणाच्या सुट्टीत लांबीने आणि बाकीच्यांनी केक आणला, वर मेणबत्ती साठची. सहा आणि शून्य. मी सहा काढून टाकला, म्हटलं, शून्य राहू द्या, माझा आज वाढदिवस नाही. लांबी म्हणाली, मग केक परत करायचा का? तशी उधळी मी नाही. दोन तुकडे खाल्ले.

चौदा मार्च ही तारीख यांनी काढली कुठून? आमच्या घरात कुणाचा वाढदिवस कधी झाला नाही. पण तारीख ओळखीची वाटते. कुठेतरी कागदावर वाचल्यासारखी.

हे दुपारी इस्त्रीचा शर्ट घालून न्हाव्याकडे गेले होते. तीन तासांनी आले. केस होते तेवढेच. मिशीला केकची साय लागलेली. म्हटलं, न्हावी आता केक देतो का? म्हणाले, "त्याच्या कुणाचा तरी साठावा होता." आज सगळ्या गावाला साठ झाले.

१७ मार्च, मंगळवार. दहा.

फाईल आली.

चष्मेवाल्याने गाठ सोडली. वरचा कागद माझा पहिला अर्ज, मुकादमबाईंच्या अक्षरात, खाली माझी सही, एकेक अक्षर वेगवेगळ्या दिशेला गेलेलं. त्याच्या खाली पिवळा पडलेला शाळा सोडल्याचा दाखला. चौथी पास. जन्म चौदा मार्च. नाव माझं.

चष्मेवाला म्हणाला, "हा घ्या तुमचा दाखला. काढलाच नव्हता म्हणालात."

मी म्हटलं, असेल काढलेला.

मग त्याने तो उजेडाकडे धरला. नावाच्या जागी कागद झिरझिरीत झालेला. पलीकडचा पंखा दिसत होता. बापाचं नाव, आडनाव जसंच्या तसं, फक्त पहिल्या नावापुरता कागद खरवडलेला, आणि वर शाईने माझं नाव. शाई फुटून पसरलेली.

त्याने कागद टेबलावर परत ठेवला. पाणी भरणारी आज नव्हती हे बरं.

बाबांचं दाढीचं ब्लेड होतं. मागच्या दाराच्या पायरीवर बसून खरवडलं. आधी हलक्या हाताने, मग जोर लावून. मला साडेपंधरा वर्षं झाली होती. बाबा खाटेवर पडलेले, घरात कमावणारं कुणी नाही, आणि ताईचं लग्न झालेलं. विसरले होते असं लिहिणार होते. विसरले नव्हते. घडी करून तळाशी ठेवलं होतं, वर बेचाळीस वर्षांच्या चादरी.

म्हणजे ही चौदा मार्च ताईची. साठ ताईचे. मी बेचाळीस वर्षं तिच्या वयावर नोकरी केली, आणि आता तिच्या वयावर मला घरी पाठवतायत. कुणाशी भांडू?

१८ मार्च, बुधवार

काम केलं. लांबीने आयोडीन बरोबर ओळखलं. नको तेव्हा ओळखलं.

२० मार्च, शुक्रवार

यांना सांगितलं. वाटलं होतं हसतील नाहीतर ओरडतील. हे खुर्ची ओढून समोर बसले, म्हणजे माझ्या नव्या खुर्चीत, आणि म्हणाले, "दाखला आहे म्हणजे? फाईलमध्ये? फाडलेला नाही?"

"खरवडलेला आहे."

"पण नंबर? रजिस्टरचा नंबर वाचता येतो?"

नंबर वाचता येतो. चारशे सतरा. पण हे यांना कशाला हवं?

मग बाहेर पडलं. ताईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. साठीच्या पुढच्यांना पास मिळतो, पास असला की ऑपरेशन महिन्यात. पास नसला की दीड-दोन वर्षांची रांग, तोवर दिसायचं बंद. आणि कार्डावर ताई एक जूनची, छप्पन्न पुरी. साठ झाल्याचा एकच कागद होता. तो नाही. शाळा बंद पडली, तिची रजिस्टरं शिक्षणाच्या ऑफिसात ढिगाने पडलीत. तिथे म्हणतात, नंबर असलेली शिक्क्याची नक्कल आणा, मग शोधू. या महिन्याची यादी सत्तावीसला बंद होते.

म्हटलं, तुम्हाला एवढं बारीकसारीक कसं माहीत?

म्हणाले, "गॅलरीत बसलं की कळतं."

ताई राहते पार पूल ओलांडून पलीकडे. गॅलरीतून पूलसुद्धा दिसत नाही.

२२ मार्च, रविवार

गेले. सकाळी नऊला निघाले, दोनदा परत फिरले, साडेदहाला तिच्या दारात.

दार उघडंच. ताई शिवणाच्या मशीनवर वाकलेली, इतकी की नाक सुईला लागेल. केस पांढरे धोट. अकरा वर्षांत रंगवणं सोडलेलं दिसतंय.

"कोण?" म्हणाली.

"मी."

"मी म्हणजे कोण?" म्हणजे तिला दिसलं नाही, की मुद्दाम, कळलं नाही.

"बारकी."

लहानपणापासून ती मला बारके म्हणते. आता मी दारात मावत नाही, तरी तेच तोंडात आलं.

"ये. चप्पल बाहेर काढ. तुझ्या त्या हॉस्पिटलात काय काय तुडवून येतेस."

बसले. चहाचं विचारलं नाही तिने, मीही मागितला नाही. मशीनवर हिरवं रीळ लावलेलं आणि खाली निळं कापड. मी म्हटलं, दोरा हिरवा आहे. म्हणाली, "निळा आहे." मी पुढे काही बोलले नाही. ताईला मी एखादी गोष्ट बोलून दाखवली नाही असं माझ्या आठवणीत हे पहिल्यांदा.

मग सांगून टाकलं. उभ्या उभ्या. दाखला मी नेला. ब्लेडने तुझं नाव खरवडलं. तो हॉस्पिटलच्या फाईलमध्ये आहे. नंबर चारशे सतरा.

ती दोरा तोडत राहिली. मग म्हणाली, "मला माहीत होतं."

"कधीपासून?"

"तू कामाला लागलीस त्या आठवड्यापासून. मी माहेरी आले होते. बाबांनी दाढीला ब्लेड लावलं आणि इथून इथपर्यंत कापलं. ब्लेडाला धारच नव्हती. शाई लागलेली. हनुवटीला चार दिवस पट्टी, आणि तू पेटीच्या आसपास फिरकेनास. मी काय शाळेत चौथीपर्यंत उगीच गेले?"

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? बाबांचं औषध त्याच पगारात यायचं."

"आणि अकरा वर्षांपूर्वी सगळ्यांसमोर..."

"तेव्हा मी विचारलं. तू हो म्हणाली असतीस तर दुसऱ्या दिवशी जाऊन नंबर आणला असता, विषय संपला असता. तू हात झडोत म्हणालीस. सगळ्यांसमोर. मी खोटी पडले." मग मशीनचा दिवा माझ्याकडे वळवून म्हणाली, "बघू हात."

दाखवले. तिने दोन्ही हात धरून डोळ्यांजवळ नेले. सोड्याने फाटलेले, रोलरने भाजलेले.

"आहेत अजून," म्हणाली. "चहा कर. साखर वरच्या फळीवर आहे, मला सापडत नाही आजकाल."

चहा करताना तिने आणखी एक सांगितलं. आम्हा दोघींना बाबांनी शाळेत एकाच दिवशी घातलं होतं. तिला उशिरा, मला लवकर, एका फेरीत काम. "माझ्या खालची ओळ तुझी आहे," म्हणाली. "चारशे अठरा. मास्तरांनी विचारलं तेव्हा बाबांनी तुझी तारीख बरोबर सांगितली होती. मला नाही आठवत कोणती. पावसाळा संपत आला होता एवढं आठवतं, आणि तू दिवसभर रडायचीस."

म्हणजे माझी खरी तारीख आहे. कुणीतरी लिहून ठेवली आहे. पन्नासच्या वर वर्षं ती तिथे पडून आहे आणि मी एक जानेवारी घेऊन फिरते.

घरी येऊन यांच्या शर्टांची बटणं बघितली. पांढऱ्याला पिवळा दोरा, खाकीला लाल. हे म्हणाले, "काय बघतेस?" म्हटलं, काही नाही, पक्की शिवलीत.

२३ मार्च, सोमवार. दहा ते साडेअकरा.

चष्मेवाल्याकडे. म्हटलं, दाखल्याची शिक्क्याची नक्कल दे, माझ्या ताईला हवी आहे.

"नक्कल देतो. पण नाव तुमचं आहे. त्यांना काय उपयोग?"

"दाखला तिचा आहे."

"असं कागदावर कुठे आहे?"

"मी सांगते ना."

त्याने दार लोटलं. मला वाटलं आता ओरडणार. तर हळू आवाजात म्हणाला, "बाई, ऐका." पहिल्यांदा बाई म्हणाला. "मी काही पाहिलेलं नाही. कागद जुना आहे, झिजला आहे. आठ दिवस गप्प बसा. एकतीसला हार घाला, निरोप घ्या, सगळं बिनबोभाट मिळेल. हे लिहून दिलंत तर चौकशी लागेल. खोट्या कागदावर नोकरी. बेचाळीस वर्षं एका बाजूला राहतील."

"आणि चारशे अठरा निघाला, मी खरंच साडेसत्तावन्नची निघाले, तर अडीच वर्षं वाढतील?"

"वाढतील किंवा आहेत ती पण जातील. मी सांगू शकत नाही. तुम्ही गप्प बसलात तर मात्र सांगू शकतो."

"आणि ताईचं?"

त्याने चष्मा पुसला. "रांग आहेच."

मुलगा वाईट नाही. इतके दिवस त्याला उगीच बोलले. पाणी भरणारीसमोर बोलले ते तेवढं बरोबर होतं, आई एकच का विचारायचं नसतं.

धुलाईखान्यात येऊन टेबलापाशी उभी राहिले. ऑपरेशनच्या खोलीतली हिरवी कापडं आली होती. डोळ्यांच्या विभागातली लहान असतात, मध्ये भोक, एका डोळ्यापुरतं. रोज शेकडो घडी घातली असतील. ते कुणाच्या तोंडावर टाकतात असा कधी विचार केला नव्हता.

लांबीला म्हटलं, हे बघ, हे असं. भोक वर ठेवायचं, मग चार घड्या. नीट बघून घे. म्हणाली, "अजून वेळ आहे ना बाई?" म्हटलं, बघून घे.

२४ मार्च, मंगळवार

अर्जवाला म्हणाला, मी लिहून देतो, "अनवधानाने" असा शब्द घालतो, त्याने धार जाते. म्हटलं, ब्लेड मी डोळे उघडे ठेवून चालवलं होतं. माझं मी लिहिते. चष्मेवाल्याला बाजूला ठेवून थेट वरच्या साहेबांना. हे समोर बसून जोडाक्षरं सांगतायत, म्हणून नीट आलं आहे. इथे आधी उतरवते, मग चांगल्या कागदावर.

अधीक्षक साहेब,

मी धुलाईखान्यातली घडीवाली. बेचाळीस वर्षं तुमच्या चादरी माझ्या हातून गेल्या. एकही वॉर्डात डाग घेऊन परत गेली असेल तर दाखवा.

माझ्या फाईलमधला शाळेचा दाखला माझा नाही. माझ्या मोठ्या बहिणीचा आहे. तिचं नाव मी ब्लेडने खरवडून माझं घातलं. मला साडेपंधरा होती, तुम्हाला अठरा हवी होती. मुकादमबाईंचा दोष नाही, त्या वारल्या. ऑफिसातल्या चष्मा लावणाऱ्या साहेबांचाही नाही, त्यांनी मला गप्प बसायला सांगितलं होतं

(हे वाक्य यांनी काढायला लावलं. म्हणाले, त्याची नोकरी जाईल. काढलं. "त्यांनी फाईल वेळेवर काढून दिली" असं घातलं.)

चौदा मार्च ही तारीख ताईची आहे. साठ तिला झाले, मला नाही. मला किती झाली ते शाळेच्या रजिस्टरात चारशे अठरा नंबरला लिहिलेलं आहे. तिचा नंबर चारशे सतरा, माझ्या वर. ती कायम माझ्या वरच होती, तुमच्या कार्डांनी काहीही लिहू दे.

माझं काय करायचं ते तुम्ही ठरवा. चौकशी लावायची असेल तर लावा, मी खुर्चीवर बसून उत्तरं देईन, खुर्ची घरात आहे. घरी पाठवायचं असेल तर पाठवा. ठेवायचं असेल तर अडीच वर्षं ठेवा, जास्त नको, मीही थकते. ते एकतीसला सांगितलंत तरी चालेल.

पण दाखल्याची नक्कल, तुमच्या शिक्क्यासह, आणि हा दाखला मूळचा माझ्या बहिणीचा आहे असं दोन ओळींचं पत्र, हे मला येत्या गुरुवारी, सव्वीस मार्चला, दुपारी चारच्या आत हातात पाहिजे. शुक्रवारी डोळ्यांची यादी बंद होते. तिला आता निळा आणि हिरवा कळत नाही. उद्या आपलं-परकं कळणार नाही, मग तुमचा शिक्का ती कशाने बघणार?

मी गुरुवारी दीड वाजल्यापासून तुमच्या दाराबाहेरच्या बाकावर बसेन. सोबत ताई असेल. पाच महिन्यांचा हिशोब कुणाला विचारायचा असेल तर तिला समोरासमोर विचारता येईल. चार वाजता मी आत येईन, बोलावलं असो वा नसो. तेव्हा हो किंवा नाही, जे असेल ते लिहून तयार ठेवा.